मुकादमाचं कॅलेंडर : एका प्रोग्रॅम मॅनेजरचे अठरा महिने

हे प्रकरण बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं आहे. संस्था, तालुका आणि गावं यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, आणि ओळख पटू नये म्हणून गावपातळीचे काही आकडे थोडे इकडंतिकडं केलेत. ऑफिसात ज्या नावानं हाक मारतात त्याच नावानं माणसं इथं आली आहेत. प्रोग्रॅम मॅनेजर म्हणजे ताई, पाण्याच्या प्रकल्पाचे समन्वयक म्हणजे अण्णा आणि संस्थेचे सचिव म्हणजे सर. मी तिथं नोकरीला नव्हतो. कामाची नोंद ठेवायला मला बोलावलं होतं, म्हणून बैठकीत मागच्या खुर्चीवर बसायचो आणि ऐकायचो.

पार्श्वभूमी

संस्थेचं काम चौदा गावांत. जमीन हलकी, उताराची. वर मुरूम आणि खाली काळा पाषाण, त्यामुळं विहिरीला जे पाणी लागतं ते या मुरमाच्या थरातलं. पाऊस बरा झाला तर सोयाबीन, तूर, थोडा कापूस. रब्बीचा भरवसा नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास अर्धं गाव ऊसतोडीला जातं, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. टोळी नेणारा मुकादम कोयत्यामागं उचल, म्हणजे आगाऊ पैसे देतो, ती अलीकडं लाखाच्या घरात असते, आणि हंगामभर तोडून ती फेडायची. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप बंद झालं, की हिशोब होतो. फिटली नाही तर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाच्या टोळीत जावं लागतं.

संस्थेकडं तीन प्रकल्प होते. पहिला पाण्याचा, एका कंपनीच्या सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून : नाला खोलीकरण, बांधबंदिस्ती, माळावर सलग समतल चर (पाणी-माती अडवायला उताराला आडवे खणलेले लांब चर). दुसरा हंगामी वसतिगृहाचा. आईबाप तोडीला गेले तरी लेकरानं गावातच आजीकडं राहावं, जेवावं-शिकावं शाळेत, यासाठी सरकारी योजनेच्या जोडीला संस्था स्वयंपाकीण, अंथरुणं आणि संध्याकाळचा शिक्षक देत होती. तिसरा एका फाउंडेशनच्या पैशातून : बचत गटांतल्या बायकांना शेळ्यांसाठी कर्ज, दरमहा हप्ता. तिन्ही प्रस्तावांच्या पहिल्या पानावर उद्दिष्ट एकच लिहिलेलं होतं, स्थलांतर कमी करणे. तिन्हींचे समन्वयक मात्र वेगळे, अहवालाचे नमुने वेगळे, जीप वापरायचे वारसुद्धा वेगळे.

जुलै २०२२ मध्ये ताई प्रोग्रॅम मॅनेजर म्हणून रुजू झाल्या. हे पद काढायची कल्पना संस्थेची नव्हती. एका देणगीदारानं विचारलं होतं, 'तुमच्याकडं हे सगळं एकत्र बघणारं कोण आहे?' त्यातून जाहिरात निघाली. कामाचं वर्णन एका पानाचं : समन्वय, देखरेख, अहवाल.

पुस्तकी व्याख्या सोपी आहे. प्रकल्पाचा समन्वयक ठरलेलं काम, ठरलेली मुदत आणि ठरलेला पैसा यांना उत्तरदायी असतो. प्रोग्रॅम मॅनेजर उत्तरदायी असतो तो सगळे प्रकल्प मिळून जे घडायला हवं त्याला. आता गंमत बघा. तिन्ही बजेटं समन्वयकांच्या हातात, चेकवर सही सरांची, आणि 'मिळून जे घडायला हवं' ते ताईंच्या गळ्यात. पहिले चार महिने त्यांनी तिघांचे अहवाल गोळा केले, भाषा सारखी केली आणि पुढं पाठवले. 'मी पोस्टमन झालेय,' असं त्या एकदा चहाच्या टपरीवर म्हणाल्या होत्या.

अडचण कुठं होती

सप्टेंबर २०२२ च्या तिमाही अहवालात तिन्ही रकाने हिरवे होते. कुणाचंच काम मागं नव्हतं. त्या वर्षी पाऊसही चांगला झाला होता. तरी दसऱ्यानंतर गावं नेहमीसारखीच रिकामी झाली.

नोव्हेंबरच्या शेवटी ताई एका गावात संध्याकाळी वसतिगृह बघायला गेल्या, मी सोबत होतो. शाळेच्या पडवीत चूल, पातेल्यात वरण, सत्तावीस लेकरं ताटं घेऊन बसलेली. शाळेच्या लोखंडी गेटला दोन शेळ्या बांधलेल्या. ताईंनी विचारलं, 'शेळ्या शाळेत कशा काय?' स्वयंपाक करणाऱ्या मावशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, 'गटाच्या हायत्या. हिची माय तोडीला गेली.' त्यांनी ताटावर बसलेल्या एका पोरीकडं हनुवटी केली. 'म्हातारीचे गुडघे गेलेत, माळावर कोण न्यायचं यांना? लेकरं जेवाया येतेत तर यांना बी घेऊन येतेत. मी वाढं-साली टाकते.' मग भाकरी उलटत त्या थांबल्या. 'ताई, हप्ता तिच्या नावावर हाय. तिनं तर तिकडं फडात ऱ्हायला कोपी टाकली. आता शेळी इकायची का हप्ता चुकवायचा, तुमीच सांगा.'

शाळेच्या मागून नाला जातो. त्यात चुन्याच्या खुणा मारलेल्या होत्या, फेब्रुवारीत पोकलेन यायचं होतं म्हणून. म्हणजे एका आवारात संस्थेचे तिन्ही प्रकल्प उभे होते आणि तिन्हींची एकमेकांशी ओळख नव्हती.

ऑफिसात परत आल्यावर ताईंनी भिंतीवरचं त्या वर्षीचं कालनिर्णय काढलं, बारा पानं सुटी करून टेबलावर ओळीनं मांडली. तीन रंगांच्या स्केचपेननं तीन प्रकल्पांची कामं तारखांवर टाकली. मग काळा पेन घेतला आणि मुकादम कधी काय करतो ते टाकायला सुरुवात केली. ते त्यांना माहीत नव्हतं. ड्रायव्हरला माहीत होतं, तो दोन हंगाम तोडीला जाऊन आला होता. त्यानं सांगितलं आणि ताईंनी लिहिलं : पेरणीच्या तंगीत उचलीचा पहिला हप्ता, पोळ्याच्या आसपास उरलेली रक्कम, दसऱ्याला गाड्या, पट्टा पडला की हिशोब.

त्या बारा पानांवर जे दिसलं ते कुठल्याच अहवालात नव्हतं. फाउंडेशनचा हप्ता डिसेंबरात यायचा, म्हणून शेळ्यांचं कर्ज जानेवारीत वाटलं जायचं. ज्या बाईला ते मिळायला हवं ती तेव्हा उसाच्या फडात. तिनं मुकादमाची उचल त्याआधी सहा-सात महिने घेतलेली, कारण बी-खताला पैसे जूनमध्ये लागतात. वसतिगृहाची मंजुरी आणि शिधा नोव्हेंबरच्या मध्यावर, आईबाप निघायचे दसऱ्यानंतर लगेच. मधल्या महिन्यात सांभाळायचं कुणी, या प्रश्नाला घाबरून कैक जण लेकरं सोबतच न्यायचे. पाण्याची कामं फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे गावात म्हातारी माणसं आणि विहिरीवाले असतात तेव्हा. प्रत्येक प्रकल्प आपापल्या वेळापत्रकावर तंतोतंत होता आणि गावाच्या वेळापत्रकापेक्षा मागं होता.

चौदा गावांत पैसा, वाहतूक, काम आणि वेळ यांचा मेळ घालणारा एक माणूस आधीपासून होता, तो मुकादम. कामाचं वर्णन, अहवाल असलं काही त्याच्याकडं नव्हतं. त्याच्या पद्धतीचं कौतुक करायला मी इथं बसलेलो नाही. पिळवणूक कशी होते ते या भागात कुणाला सांगावं लागत नाही. पण पैशाची गरज कोणत्या महिन्यात लागते हे त्याला ठाऊक होतं आणि संस्थेला नव्हतं, हे नोंदवलंच पाहिजे.

पहिला निर्णय : अधिकार किती मागायचा

डिसेंबरात ताईंनी कॅलेंडर सरांपुढं ठेवलं. समोर तीन वाटा होत्या. एक, तिन्ही चमू मोडून गावगटानुसार एकच चमू करायचा. कागदावर हे सर्वांत योग्य, पण तिन्ही करारांत कर्मचाऱ्यांचे पगार प्रकल्पनिहाय बांधलेले, चालू वर्षात ते हलवणं अवघड. दोन, आहे तसं चालू द्यायचं आणि महिन्याची एक एकत्र बैठक वाढवायची. सरांचा कल इकडं होता. असल्या बैठकीत काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय : प्रत्येक जण आपली पीपीटी दाखवतो आणि पोहे संपले की उठतो. तीन, गावपातळीवर कोणतंही नवं काम किंवा नवं वाटप ताईंच्या सहीशिवाय सुरू होणार नाही, एवढा एकच अधिकार.

ताईंनी तिसरी वाट धरली. बजेट मागितलं नाही, माणसं मागितली नाहीत, फक्त थांबवायचा अधिकार मागितला. सर दोन आठवडे गप्प होते. मग म्हणाले, 'सहा महिन्यांपुरतं बघू.' समन्वयकांना कळवणारं पत्र मात्र त्यांनी काढलं नाही, 'तुम्हीच सांगा त्यांना' म्हणाले.

माझ्या मते पुढचा निम्मा त्रास इथून सुरू झाला. अधिकार देणाऱ्यानं तो सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडानं द्यावा लागतो. नाहीतर घेणाऱ्यानं तो बळकावला असं दिसतं.

दुसरा निर्णय : पोकलेन थांबवायचं का

खोलीकरण चार गावांत व्हायचं होतं. त्यांपैकी दोन गावांत माळावरचे चर आणि बांधबंदिस्ती आदल्या वर्षी झालेली होती. उरलेल्या दोन गावांत वरचं काहीच झालेलं नव्हतं. आपण त्यांना वरचं गाव आणि खालचं गाव म्हणू. पाणलोटाचं काम माथ्यापासून पायथ्याकडं करायचं असतं, हे या क्षेत्रात नव्या माणसालाही ठाऊक असतं. वर माती अडवली नाही तर खोल केलेला नाला दोन पावसाळ्यांत गाळानं भरतो. पण पोकलेनचे तास मोजता येतात, फोटो चांगले येतात आणि पैसा लवकर खर्च होतो. समतल चराला माणसं लागतात, आणि माणसं तोडीला गेलेली.

खोलीकरणाचे ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत झाले होते. ताईंनी हजेरीची वही पाहिली. सह्या बहुतेक नाल्याकाठी विहिरी असलेल्यांच्या होत्या. ज्यांचे तुकडे माळावर आहेत ते कोयतेवाले त्या दिवशी चार जिल्ह्यांपलीकडं. ठराव कायदेशीर होता. कुणी फसवणूक केली असंही नाही. जे गावात होते ते बसले आणि त्यांनी आपल्या सोयीचं मागितलं.

अण्णांचं म्हणणंही बिनबुडाचं नव्हतं. त्यांना या कामात अकरा वर्षं झालेली. ते म्हणाले, 'एप्रिलनंतर मशीन मिळत नाही, मिळालं तर दर वाढतो. जूनला पाऊस. आणि पैसा ३१ मार्चच्या आत खर्ची पडला पाहिजे.' हा शेवटचा मुद्दा सगळ्यात जड होता. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली हा निधी येतो. २०२१ मध्ये नियम बदलले. तेव्हापासून पैसा संस्थेच्या खात्यात टाकला म्हणून कंपनीचा खर्च झाला असं धरत नाहीत, संस्थेनं तो प्रत्यक्ष वापरावा लागतो. प्रकल्प 'चालू प्रकल्प' म्हणून कंपनीच्या संचालक मंडळानं मान्य केलेला असेल तर उरलेली रक्कम वर्षअखेरीनंतर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. तसा मान्य नसेल तर ती सहा महिन्यांत कायद्यानं नेमून दिलेल्या सरकारी निधीत भरावी लागते. म्हणजे गावाच्या हिशोबानं गेलीच.

पर्याय तीन होते : चारही गावांत चालू द्यायचं, चारही ठिकाणी थांबवायचं, किंवा माथ्याचं काम झालेल्या दोन गावांत चालवायचं आणि उरलेल्या दोन गावांचा निर्णय १ मेच्या ग्रामसभेवर टाकायचा. तोवर कोयते परत आलेले असतात.

ताईंनी तिसरा पर्याय निवडला आणि तो फेब्रुवारीच्या आढावा बैठकीत, सगळ्यांसमोर जाहीर केला. अण्णांना आधी एकट्याला सांगितलं नव्हतं. अण्णांनी वही मिटली. 'म्हणजे आता आम्ही तुम्हाला विचारून नाला खोदायचा,' एवढंच बोलले. सर तेव्हा फोनवर बाहेर गेले होते.

६ मार्चला ताईंनी कंपनीला लिहिलं : दोन गावांचा निधी पुढच्या वर्षी वापरू द्या. सीएसआर अधिकारी समजूतदार बाई होत्या, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की हा प्रकल्प एका वर्षाचा म्हणून मंजूर आहे, चालू प्रकल्पांची यादी मंडळानं आधीच ठरवली आहे, आता काही होत नाही. रक्कम दोन गावांची मिळून बारा लाखांच्या आसपास. सर हादरले. तीन दिवस फोनाफोनी झाली आणि तडजोड अशी निघाली की खालच्या गावात मशीन चालवायचं, वरच्या गावाचं सोडून द्यायचं. तत्त्व आणि पैसा, दोन्ही अर्धं-अर्धं.

१४ मार्चला खालच्या गावात पोकलेन उतरलं. त्या वर्षी ऊस कमी पडला आणि कारखाने लवकर बंद होऊ लागले. पाडवा २२ मार्चला होता. त्याच्या चार दिवस आधीच पहिल्या गाड्या गावात आल्या. मशीन चालूच होतं. नाल्याच्या काठावर एक जण, अंगावर अजून फडातला शर्ट, उभा राहून बघत होता. त्यानं ताईंना विचारलं, 'हे आमच्या माळाला कवा येणार?' ताई काही बोलल्या नाहीत. बोलण्यासारखं नव्हतंच.

परतीच्या गाडीत ड्रायव्हर म्हणाला, 'पट्टा लवकर पडणार हे तर फेब्रुवारीतच सगळ्यांला कळलं व्हतं.' सगळ्यांला म्हणजे ऑफिस सोडून सगळ्यांला. तेव्हाच विचारलं असतं तर पाडव्याच्या दोन दिवस आधी एक विशेष ग्रामसभा घेता आली असती, आणि उरलेल्या आठ-दहा दिवसांत माळावर मशीननं चर मारून निधीचा बराचसा भाग मार्गी लागला असता.

तिसरा निर्णय : कर्ज शेळीचं की पेरणीचं

इथं वाट मोकळी होती, कारण फाउंडेशनचा पैसा मार्चला बांधलेला नव्हता. ताई आणि बचत गटांची तरुण समन्वयक दोघींनी मिळून मागणी मांडली : तीन गावांत शेळ्यांऐवजी वीस हजारांचं कर्ज मे महिन्यात द्यायचं, कशासाठी ते बाईनं ठरवायचं, आणि परतफेड दरमहा न घेता एकदाच, एप्रिलमध्ये, तोडीचा हिशोब झाल्यावर. फाउंडेशननं पहिलं आणि तिसरं लगेच मान्य केलं. 'कशासाठी ते बाईनं ठरवायचं' यावर मात्र महिनाभर ईमेल चालले. शेवटी 'शेती व कौटुंबिक गरज' असा शब्द सापडला.

लाखाच्या उचलीपुढं वीस हजार म्हणजे काहीच नव्हे. ताईंना ते माहीत होतं. त्यांचा अंदाज असा की पेरणीपुरता पैसा वेळेवर हातात असला तर बाई जूनमध्ये मुकादमाकडं जाणार नाही, पोळ्याला जाईल, आणि तेव्हा कमी उचल घेईल. 'स्थलांतर कमी करणे' हे उद्दिष्ट त्यांनी तेव्हाच मनातून काढून टाकलं होतं. अहवालात ते तसंच राहिलं.

अडतीस बायकांना कर्ज मिळालं. त्यांतल्या अकरा जणींनी त्यातून मुकादमाची मागची बाकी फेडली. फाउंडेशनच्या अधिकाऱ्यांनी याला निधीचा गैरवापर म्हटलं. ताईंचं उत्तर होतं की याहून चांगला वापर मला सुचवता येणार नाही : बाकी फिटली की जोडी दुसऱ्या मुकादमाकडं जाऊ शकते, भाव करू शकते. मी ताईंच्या बाजूचा आहे, पण एक शंका मनात आहेच. संस्थेचं कर्ज घेऊन मुकादमाचं फेडणं म्हणजे दावणीचा खुंटा बदलणं झालं का, हे एका हंगामात कळत नाही.

परिणाम

२०२३ चा पावसाळा दगा देणारा निघाला. ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला, देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. सोयाबीन शेंगा धरायच्या वेळी वाळलं. ऑक्टोबरअखेरीस राज्य सरकारनं चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात बीडमधलेही होते. पेरणीला दिलेलं कर्ज पेरणीसकट मातीत गेलं आणि त्या वर्षी कोयते कमी न होता वाढले.

तरी संस्थेच्या अहवालात एक ओळ आली : कर्ज मिळालेली कुटुंबं यंदा सुमारे तीन आठवडे उशिरा निघाली. ओळ खरी होती. सगळ्यांना बरं वाटलं. मसुदा बघायला बसलेल्या वसतिगृहाच्या मावशींनी (आता ताई त्यांना बैठकीला बोलवायच्या) ती ऐकली आणि हसल्या. 'अवो, औंदा धोंड्याचा महिना व्हता. दसराच उशिरा आला.' २०२३ ला अधिक श्रावण होता. २०२२ चा दसरा ५ ऑक्टोबरला, २०२३ चा २४ ऑक्टोबरला. शिवाय गाळप हंगामही आदल्या वर्षी १५ ऑक्टोबरला सुरू झाला होता, या वर्षी १ नोव्हेंबरला. ओळ काढून टाकली. माझ्या वहीत त्या दिवसाखाली दोन रेघा ओढलेल्या आहेत.

जे बदललं ते लहान आहे. वसतिगृह तीन गावांत दसऱ्याआधी आठ दिवस सुरू झालं, कारण पहिल्या महिन्याचा शिधा संस्थेनं स्वतःच्या पैशातून भरला. त्या गावांत लेकरं मागं राहण्याचं प्रमाण डोळ्यांना दिसण्याइतकं वाढलं. बाकी फेडलेल्या अकरा जणींपैकी चौघींच्या जोड्यांनी मुकादम बदलला. एप्रिल २०२४ मध्ये कर्जाची परतफेड अपेक्षेपेक्षा बरी झाली, पण त्यातही अपूर्ण श्रेय घ्यावं लागेल, कारण जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला होता आणि हिशोबात चार पैसे जास्त आले होते.

वरच्या गावाचा सहा लाखांचा निधी गेला तो गेला. १ मेच्या ग्रामसभेत माळावरच्या चरांचा ठराव झाला आणि काम रोजगार हमीतून काढलं. मजुरी तेव्हा दिवसाला २७३ रुपये, तीही उशिरा आली. पाऊस यायच्या आत ठरलेल्याच्या निम्मे चर झाले. खालच्या गावात खोलीकरण पूर्ण झालं, फोटो छान आले. नाल्याकाठच्या विहिरींना फेब्रुवारी २०२४ पर्यंत पाणी होतं. वरच्या वस्तीला मार्चमध्ये टँकर लागला.

अण्णांनी जून २०२३ मध्ये राजीनामा दिला आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या संस्थेत गेले. त्यांच्यासोबत चौदा गावांची अकरा वर्षांची ओळख गेली : कोणत्या सरपंचाशी कोणत्या वेळी बोलायचं, कुठल्या भावकीत बांधावरून भांडण आहे, असं कुठंच न लिहिलेलं सगळं. ताई याचा दोष स्वतःकडं घेतात. सर म्हणतात तसं काही नाही, त्यांना पगार जास्त मिळाला. मला वाटतं दोष दोघांचा आहे आणि सरांचा जरा जास्त.

पुन्हा करायचं झालं तर

डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही तिघं दिवसभर बसलो आणि मागचं उकरलं. ताईंचा पहिला मुद्दा तारखेचा होता. कंपनीला पत्र ६ मार्चला गेलं, ते कॅलेंडर मांडलं त्याच डिसेंबरात जायला हवं होतं. मंडळाच्या बैठकीआधी विनंती गेली असती तर 'चालू प्रकल्प' म्हणून निदान विचार झाला असता. काम थांबवायचा अधिकार त्यांनी मागितला, पण थांबवल्यावर पैशाचं काय होतं हे आधी विचारलं नाही.

दुसरं, अण्णांशी बोलणं. बैठकीच्या आदल्या दिवशी त्यांच्यासोबत माळावर एक चक्कर मारली असती तर? ताईंना वाटतं त्यांनी स्वतःच चर आधी करायचं सुचवलं असतं, कारण त्यांना ते कुणापेक्षाही जास्त कळत होतं. मार्चअखेरच्या घाईनं त्यांचं ज्ञान गप्प केलं होतं.

सरांनी आपल्या बाजूनं एक गोष्ट मान्य केली : प्रोग्रॅम मॅनेजरकडं कुठल्याच प्रकल्पाचा नसलेला थोडा तरी पैसा असावा. वसतिगृह आठ दिवस आधी उघडायला फार मोठी रक्कम लागली नव्हती, पण ती कुठल्या खात्यात टाकायची यावर दोन महिने गेले. आता तीन प्रस्तावांत मिळून एक छोटी सामायिक ओळ टाकायला सुरुवात झाली आहे. एका देणगीदारानं ती कापली, दोघांनी ठेवली.

मोजायचं काय, यावर आमचं एकमत झालं नाही. ताई म्हणतात, किती कोयते गेले हे मोजू नका, दसऱ्याच्या दिवशी घरावर किती बाकी आहे ते मोजा. मला हे पटतं. पण बाकीचा आकडा कुणी परक्याला सांगत नाही, आणि गटाच्या बैठकीत बायका बोलतात तो विश्वासावर. तो अहवालात चढवायचा का? समन्वयक मुलगी म्हणाली, 'मी लिहिणार नाही.' अजून लिहिलेला नाही.

सहा महिन्यांपुरता दिलेला सहीचा अधिकार कुणी मागं घेतला नाही आणि कागदावरही आणला नाही. तो तसाच चालू आहे.

गेल्या पोळ्याच्या आधी एक मुकादम ऑफिसात आला. पांढरा शर्ट, हातात गाडीची किल्ली. चहा घेतला आणि ताईंना म्हणाला, 'मॅडम, आमच्या गावाला बी ती शाळेतली खानावळ चालू करा. बाया आता उचल घ्यायच्या आधी विचारतेत, लेकरांची सोय हाय का म्हणून. लागला तर शिधा मी देतो.' ताईंनी त्याला दोन दिवसांनी फोन करते म्हणून सांगितलं. हो म्हणायचं की नाही, यावर संस्थेत आतापर्यंत तीन बैठका झाल्या आहेत. मावशींचं मत घ्या असं पहिल्या बैठकीत ठरलं होतं. त्या म्हणाल्या, 'शिधा घ्या, पर वही आपल्याकडंच ठिवा.'